सातबाऱ्यावर नसलेली उंची

आमच्याकडे प्लॉट घेताना पाण्याची चौकशी पहिली होते. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, बोअरला किती फुटांवर लागलं, टँकर कधी सुरू होतो. बाबांनी 2016 साली गावाच्या खालच्या अंगाला दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतला, तेव्हा त्यांनीही हेच विचारलं. शेजारच्या बोअरला ऐंशी फुटांवर पाणी होतं, आणि ते ऐकून आईला झालेला आनंद मला अजून आठवतो. पाणी आपल्या पायांनी घरात येईल का, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. दुष्काळात वाढलेली माणसं आम्ही. तो प्रश्न आमच्या तोंडात बसतच नाही.

गाव चाळीसगाव तालुक्यातलं, तितूर नदीच्या काठचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या घरांबद्दल लिहिणार आहे ती घरं लगेच ओळखू येतील.

बाबा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी एका नातेवाइकाने विचारलं, "ताई हक्कसोड देणार ना?" दादाने मला उत्तर द्यायची वेळच येऊ दिली नाही. "तो प्लॉट हिचा," म्हणाला, आणि विषय संपवला. शेती त्याच्याकडे, गावातलं जुनं घर त्याच्याकडे, आणि प्लॉट माझा. नोकरी संपली की धुळ्याचं भाड्याचं घर सोडायचं आणि माहेरी दोन खोल्या बांधायच्या, हे मी तेव्हाच ठरवलं. भावाने दिलेली जागा आहे. तिच्यात मोजण्यापलीकडचं काहीतरी असतं, म्हणून पुढचं सगळं मला जड गेलं.

31 ऑगस्ट 2021 च्या पहाटे दादाचा फोन आला. सातमाळ्याच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता आणि डोंगरी व तितूर या दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या होत्या. डोंगरी पाटणादेवीच्या बाजूने येते आणि शहरातच तितूरला मिळते, त्यामुळे दोघी एकदम भरल्या की शहराची सुटका नसते. आमच्या गावातही खालच्या गल्ल्यांत पाणी होतं. गुरं गेली, कणग्या भिजल्या, चार दिवसांनी चिखल सुकायला लागला तसा वास सुटला. मी आठव्या दिवशी पोचले तेव्हा वहिनी ओट्यावर गोधड्या वाळवत होती. त्या आमच्या नव्हत्या, खालच्या घरांतल्या होत्या. आमच्या घरात पाण्याचा थेंब आला नव्हता.

प्लॉटवर तेव्हा फक्त काटेरी तार होती. तिच्यात कडबा, प्लास्टिक आणि एक लहान मुलाची चप्पल अडकली होती. ती चप्पल मी पाहिली, आणि तरीही पुढची तीन वर्षं घराचे नकाशे काढत राहिले. आपल्याला हवं ते धरून ठेवायला मन किती वाटा काढतं! दादा म्हणायचा, नदी तिथून सहाशे मीटर लांब आहे, नाला दोनशे फूट. वहिनी म्हणायची, तिथे कमरेएवढं पाणी होतं. दादा म्हणायचा, गुडघ्याएवढं. गुडघा आणि कंबर यांच्यामध्ये माझं घर अडकलं होतं.

कर्जासाठी मूल्यांकन करायला एक गृहस्थ आले. त्यांनी चार फोटो काढले, रस्त्याची रुंदी आणि चालू भाव लिहिला. पुराचं मी स्वतःहून सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही." त्या वाक्याने मला जागं केलं, असं आता वाटतं. सातबारा काढून पाहिला. त्यावर क्षेत्र असतं, आकार असतो, पीक असतं, विहीर असते, बोजा असतो. जमीन किती उंचीवर आहे, हे मात्र कुठेच नसतं.

मग नाना आले. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून आयुष्य काढलेले, निवृत्तीनंतर खासगी मोजणी करणारे. दादाच्या ओळखीचे. आम्ही त्यांना हद्द दाखवायला निघालो, तर त्यांनी थांबवलं. "हद्द नंतर. आधी मला पाणी कुठवर आलं होतं ते दाखवा. सांगू नका, दाखवा."

सबंध सकाळ आम्ही गावात फिरलो. मी आजवर त्या गल्ल्यांतून लग्नपत्रिका वाटत फिरले होते, मयतीला गेले होते, पण भिंती कधी पाहिल्या नव्हत्या. ज्याला त्याला आपल्या घरची खूण दाखवायची होती. कुणी कडी दाखवली, कुणी देवळीचा तळ, कुणी बाभळीच्या फांदीत अडकलेल्या चिंध्या. नानांनी निम्म्याहून जास्त खुणा नाकारल्या, आणि प्रत्येक वेळी कारण सांगितलं. झाडातला कचरा नको, कारण वाहत्या पाण्यात फांदी वाकते आणि कचरा वर चढतो. पुलाच्या वरच्या बाजूच्या भिंतीवरची खूण नको, तिथे पाणी तुंबून उसळतं. दारावरची बाहेरची रेघ नको, ती लाटांची. बंद खोलीत, कपाटामागे, जिथे पाणी शांत उभं राहिलं होतं तिथली गाळाची आडवी रेघ हवी. तशी एक पिठाच्या गिरणीत मोटारीच्या मागे सापडली, आणि दुसरी गावाखालच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात. तीन वर्षांनंतरही दोन्ही स्वच्छ दिसत होत्या, जणू कुणी पट्टी धरून आखल्या होत्या.

मग त्यांनी मारुतीच्या पाराजवळ ऑटो लेव्हल लावलं. यंत्र साधं असतं. तीन पायांचं स्टँड, त्यावर दुर्बीण, बुडबुडा मध्ये आणायचा की दुर्बिणीतली आडवी रेघ सगळीकडे एकाच पातळीत फिरते. भाचा चार मीटरची पट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन पुढे जातो, नाना आकडा वाचतात. मारुतीच्या दगडी पायरीला त्यांनी 100.000 मीटर ही उंची मानून दिली. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून पातळी ओढत आणावी लागते, पण आम्हाला गावातल्या गावात तुलना करायची होती. त्यासाठी एक न हलणारा दगड पुरे होता, आणि मारुतीची पायरी हलवण्याची आमच्या गावात कुणाची छाती नाही.

मला दुर्बिणीतून पाहू दिलं. एक गोष्ट सुरुवातीला डोक्यात उलटी बसते. स्टाफवरचा आकडा लहान आला की जमीन उंच, आणि आकडा मोठा आला की जमीन खाली. आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर स्टाफ उभा केला तेव्हा आकडा आला 0.75. तिथून गल्लीने खाली उतरत गेलो. 1.40. 1.95. 2.60. पुढे गिरणी आणि पंपघरासाठी यंत्र दोनदा उचलून पुन्हा लावलं, तेव्हा नाना वजाबाक्या करून सगळं मारुतीच्या पायरीशी जोडत होते. मधेच ते म्हणाले, "तुमचं जुनं गाव पांढरीवर आहे ताई."

काळी म्हणजे शेताची माती आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे लहानपणापासून कानावर होतं. पांढरी उंच का असते, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहतात, मातीची धाब्याची घरं पडतात, त्याच मातीवर पुन्हा घरं उठतात, राख, शेण, खापरं साचत जातात आणि गावाचं टेकाड होतं. तापीकाठी प्रकाशे, गिरणाकाठी बहाळ, या आपल्या खानदेशातल्या गावांची टेकाडं उकरून अभ्यासकांनी तीन हजार वर्षांमागची वस्ती शोधली, ती अशाच थरांमधून. नदीजवळ राहायचं तर तिच्या वर राहायचं, हे ज्याला जमलं तो पांढरीवर राहिला.

ज्याला जमू दिलं नाही तो खाली राहिला. हे मला कुणी सांगितलं नाही, त्या स्टाफने दाखवलं. वतनदारांची गढी, मग आमच्यासारख्या शेतकऱ्यांची घरं, मग कारागीर, आणि जिथे आकडा तीनच्या पुढे गेला तिथे भूमिहीनांची वस्ती. गावकुसाबाहेर हा शब्द मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवला. तो बाजूला असतो असं मला वाटे. तो खालीही असतो. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर आकडा आला 3.98. स्टाफच जवळजवळ संपला होता.

दुपारी ओट्यावर बसून हिशेब झाला. गिरणीतली रेघ 99.80 वर. पंपघरातली 98.90 वर. दोन्हींमध्ये नदीच्या प्रवाहाने 450 मीटर अंतर. म्हणजे पुराचं पाणी त्या अंतरात 90 सेंटिमीटर उतरत गेलं होतं. मी तोपर्यंत पूर म्हणजे तळ्यासारखं सपाट पाणी समजत होते. नानांनी सांगितलं, पुरालाही उतार असतो, वरच्या गल्लीतली खूण खालच्या गल्लीत तशीच्या तशी नेता येत नाही. आमचा प्लॉट गिरणीपासून 200 मीटर खाली. तिथे पाणी 99.40 वर असणार. प्लॉटची जमीन 98.55. वजाबाकी मी स्वतः केली. 85 सेंटिमीटर. दोन फूट नऊ इंच.

वहिनीची कंबर बरोबर होती. दादा गप्प झाला.

पण पाणी तिथे पोचलं कसं, हे अजून सुटलं नव्हतं. नदी इतकी लांब, नाला एवढासा. नाना आम्हाला नाल्याच्या तोंडाशी घेऊन गेले. नाला जिथे तितूरला मिळतो तिथे नदी भरली की नाल्याचं पाणी बाहेर पडू शकत नाही. उलट नदीचं पाणी नाल्यात मागे सरकतं. त्याला फुगवटा म्हणतात. त्यात 2018 साली काँक्रीट झालेला रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा मीटरभर वर आला आहे आणि त्याखाली दोनच नळ टाकले आहेत, त्यातला एक गाळाने बुजलेला. रस्त्याचा बांध झाला. पाणी नाल्यातून मागे आलं, रस्त्याला अडलं आणि आमच्या प्लॉटवर पसरून उभं राहिलं. आम्ही नदीकडे तोंड करून अंतर मोजत बसलो होतो, आणि पाणी पाठीमागून आलं होतं.

आमच्या नद्यांचा स्वभावही त्यांनी त्या नाल्याच्या काठावरच समजावला. सातमाळ्यातून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. डोंगरात खडक, तिथे पाणी मुरत नाही. खाली काळी माती, एकदा भिजून फुगली की तीही पाणी आत घेत नाही. त्यामुळे वर्षातले बरेच महिने कोरड्या दिसणाऱ्या नदीला काही तासांत पूर येतो. तापीचा पूर हतनूरचे दरवाजे उघडल्याच्या बातमीने आधी कळतो, 41 दरवाजे आहेत त्या धरणाला. तितूरच्या पुराची बातमी पाण्याबरोबरच येते. मी धुळ्यात राहते. पांझरेच्या 1872 च्या पुराने धुळ्यातल्या घरादारांचं मोठं नुकसान केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. तरी आम्ही सगळे खानदेशी म्हणत राहतो, आमच्याकडे कुठला पूर.

दादाने विचारलं, सरकारी पूररेषा काय सांगते? राज्यात जलसंपदा विभाग नदीच्या दोन रेषा आखतो. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत अट अशी आहे की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवं. आमच्या गावापाशी रेषा आखलेली आहे का, हे विचारायला मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला "तुमच्या भागाचं झालेलं नाही" एवढंच उत्तर मिळालं. रेषा नाही म्हणून मनाई नाही, आणि मनाई नाही म्हणून प्लॉट विकले जातात. मला हे फार खुपतं. नकाशावर रेघ नसली म्हणून पाणी थांबतं का?

"पंचवीस वर्षांतून एकदा ना? 2021 ला येऊन गेला. आता 2046 ला," दादा म्हणाला. तो खरंच हिशेब करत होता. नानांनी वही उलटी करून पेन्सिलीने लिहिलं. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात चार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच चार. मागच्या वर्षी आला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. घर तीस वर्षं उभं राहणार असेल, तर त्या तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सत्तर. लाल रेषेच्या पुराची शंभरात सव्वीस. मी आकडेमोड घरी पुन्हा करून पाहिली, बरोबर आहे. आणि हेही त्यांनी बजावलं की गिरणीतली रेघ म्हणजे लाल रेषा नव्हे. "ती त्या रात्रीची खूण आहे. याहून मोठा येणार नाही, असं माझं यंत्र सांगत नाही."

मग भर टाकून बांधू, असं दादा म्हणाला. माझ्याही मनात तेच होतं. निदान त्या रात्रीच्या पाण्यावर 0.45 धरले, तर 1.30 मीटर भर, दोन गुंठ्यांवर नव्वदहून जास्त ब्रास मुरूम. पैशाचा प्रश्न वेगळा, आणि काळ्या मातीवर एवढी भर नीट दाबून बसवणं हाही. पण नानांनी तारेपलीकडे बोट केलं. तिथून पुढे ती वस्ती सुरू होते. "तुम्ही जागा उचलाल. तुमच्या जागेवर उभं राहणारं पाणी मग कुठं जाईल?" एका प्लॉटने फार फरक पडणार नाही, हेही ते म्हणाले, खोटं बोलून मला घाबरवलं नाही. पण त्या बाजूला आठ प्लॉट आहेत, आणि मी भर टाकली की बाकीचेही टाकणार.

विम्याचाही विचार केला. एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची एकाच धर्तीची घरविमा पॉलिसी असते, तिच्यात पूर धरलेला आहे. जमिनीची किंमत त्यात येत नाही, बांधकामाचा खर्च आणि घरातलं सामान येतं. मी जुन्या घरासाठी ती घेतली आहे, धाब्याची एक भिंत आता विटांची केली आहे म्हणून. पण ज्या जागी पाणी पुन्हा येण्याची एवढी शक्यता, तिथे विम्याच्या भरवशावर रात्री झोपायचं, हे मला वयाच्या साठीला जमणार नव्हतं.

संध्याकाळी दादा एकटाच प्लॉटवर जाऊन बसला होता. मी गेले. तो म्हणाला, "तुला खालची जागा दिली गं मी." मी त्याला सांगितलं की जागा देताना ती खालची आहे हे तुला माहीत नव्हतं, बाबांनाही नव्हतं, आणि ज्याने विकली त्यालाही कदाचित नसेल. आता आपल्याला माहीत आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, जुन्या घराच्या मागे गोठ्याची जागा आहे, तिथे दोन खोल्या निघतात. तिथली पातळी सकाळीच घेतली होती, 101.05.

प्लॉटला नंतर गिऱ्हाईक आलं. एमआयडीसीत नोकरी करणारा मुलगा, नवं लग्न झालेला. त्याने विचारलं, बोअरला पाणी किती? मी त्याला नानांचा कागद दाखवला, 98.55 आणि 99.40 यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलेला. तो परत आला नाही. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. प्लॉटवर सध्या आम्ही घास लावला आहे.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. काम संपताना नाना म्हणाले होते, खालच्या घरांवर 2021 ची रेघ ऑइलपेंटने मारून ठेवू, पुढच्या पिढीला कळेल. मला कल्पना आवडली. डबा आणला, ब्रश आणला. 3.98 आकडा आलेल्या त्या शेवटच्या घराशी गेलो. तिथली मावशी आमच्याकडे कापूस वेचायला येते. त्या रात्री तिच्या उंबऱ्यावर चार फूट पाणी होतं, तिने दोन शेळ्या पत्र्यावर चढवल्या आणि स्वतः पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिली. तिने ब्रशकडे पाहिलं, मग नानांकडे.

"रेघ कसाले मारतस नाना? उच्ची जागा दखाडा ना."

नानांनी डब्याचं झाकण लावलं. गल्ली जिथून वर चढते, त्या वळणावर त्यांनी यंत्र पुन्हा लावलं आणि बुडबुडा मध्ये आणला. आधी मावशीच्या उंबऱ्यावर स्टाफ, आकडा पुन्हा चारच्या आसपास. मग भाच्याला शाळेमागच्या गायरानाकडे पाठवलं. उन्हं उतरली होती, आकडे नीट दिसत नव्हते. मावशी यंत्राच्या शेजारी उभी होती. नानांनी तिलाच दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं, आणि आडव्या रेघेवर कोणता आकडा येतो ते वाचायला तिच्या नातवाला पुढे घेतलं. तो चौथीत आहे. त्याने दोनदा नीट पाहून सांगितलं, "शून्य पॉइंट शहाऐंशी."

नानांनी वहीत लिहिलं. वस्तीला वर जागा मिळावी म्हणून ग्रामसभेला दिलेल्या अर्जाला जोडलेला कागद त्या पानाचाच आहे.